अक्कांना विचारा : क्लॅमिडियाचा रिपोर्ट हातात आला, आता काय?

गेल्या दीड महिन्यात क्लॅमिडिया या जंतूच्या रक्ततपासणीबद्दल चार पत्रं आली. एक खानापूर तालुक्यातून, एक शहापुरातून, एक निपाणीहून आणि एक चिकोडीकडचं. दोघांनी वर ठळक लिहिलंय, ‘नाव छापू नका.’ नाव मी कधीच छापत नाही. या वेळी वय, नोकरी, नाती यांतलंही थोडं बदललंय, म्हणजे गल्लीतल्या कुणाला अंदाज बांधता येऊ नये.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. बेळगावात ३१ वर्षं लॅब टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर मेडिकल कोडिंग, म्हणजे आजारांना आणि तपासण्यांना बिलासाठी ठरावीक कोड लावण्याचं काम शिकले आणि आता मुलांना शिकवते. औषध डॉक्टरांनीच द्यायचं. रिपोर्टात काय लिहिलंय आणि बिलात काय लावलंय, एवढं मी सांगू शकते.

प्रश्न : अक्का, माझं वय २९. लग्नाला चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. बेळगावच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या. त्यात ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह’ असं आलं. मोबाइलवर बघितलं तर गुप्तरोग म्हणून आलं. नणंदेनं सासूबाईंना वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. नवरा लष्करात आहे, तो फोनवर विचारतो, ‘तुझ्याकडं हे आलं कुठून?’ माझ्याही मनात त्याच्याबद्दल तेच येतं. मला आता रोग आहे का? कुणाकडून आला ते कळतं का? पुन्हा एकदा रक्त तपासून घेऊ का?
(वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या थोरल्या मुलीएवढी आहेस.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुझी झोप त्यानंच उडालेली असणार. कुणाकडून आला आणि कधी आला, हे या रिपोर्टवरून कळत नाही. बेळगावच्या लॅबला कळत नाही, मुंबईच्या नाही, अमेरिकेतल्याही नाही. नवऱ्याला हे वाक्य वाचून दाखव. मग पुढचं दोघं मिळून वाचा.

तुझ्या रक्ताचं काय केलं ते सांगते. ही तपासणी बहुतेक ठिकाणी एलायझा पद्धतीनं होते. प्लास्टिकची एक प्लेट असते, तळहातापेक्षा थोडी मोठी, तिच्यात ९६ लहान खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला क्लॅमिडिया जंतूचा अंश चिकटवलेला असतो. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी उरतं, ते सीरम, पातळ करून त्यात घालायचं. या जंतूविरुद्ध शरीरानं कधी काळी अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, तयार केल्या असतील, तर त्या तळाला चिकटतात. बाकीचं धुऊन टाकायचं. ते धुणं नीट झालं नाही तर सगळा रिपोर्ट चुकतो, मी नव्या मुलींना पहिले पंधरा दिवस नुसतं धुणंच शिकवायची. मग रंगाचं रसायन घातलं की चिकटलेलं असेल तिथं निळं दिसतं, आणि शेवटी आम्लाचा थेंब पडला की पिवळं होतं. किती पिवळं, हे मशीन ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतं. त्या पिवळेपणाचा आकडा म्हणजे तुझा रिपोर्ट.

जंतू या सगळ्यात कुठंच दिसलेला नाही. दिसलीय ती शरीराची जुनी नोंद. आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार, त्या एकदा तयार झाल्या की वर्षानुवर्षं राहू शकतात, औषध घेऊन जंतू पूर्ण गेला तरीही. म्हणून ‘मला आता रोग आहे का’ याचं उत्तर या कागदात नाही.

शिवाय ती नोंद कशाची, हेही पक्कं नसतं. क्लॅमिडिया हे एका घराण्याचं नाव आहे. ट्रॅकोमॅटिस हा त्यातला एक. दुसरा न्यूमोनी, तो खोकल्या-शिंकांतून पसरतो आणि छातीला धरतो. जगात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी सापडतात. या दोघांची बाहेरची घडण इतकी सारखी, की एकाविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या खळग्यातही चिकटू शकतात. किट कोणतं वापरलं त्यावर हे कमी-जास्त होतं. म्हणजे कॉलेजात असताना आलेला एखादा चिवट खोकलाही आज तुझ्या रिपोर्टात ‘पॉझिटिव्ह’ म्हणून उमटू शकतो.

आणि ट्रॅकोमॅटिस तरी फक्त लैंगिक संबंधातूनच येतो का? त्याच्याच काही उपजातींनी डोळ्यांत खुपऱ्या होतात. आई-आजींकडून हा शब्द ऐकला असशील. आपल्या देशात हा रोग उत्तर-पश्चिमेला जास्त होता, पण त्याला मराठीत घरगुती नाव पडलं, म्हणजे आपल्यालाही तो परका नव्हता. पोरांच्या हातांवरून, एकाच टॉवेलवरून, घरमाश्यांवरून पसरायचा. भारतानं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपवला, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. तुझ्या वयाला खुपऱ्यांची शक्यता कमीच. पण सासूबाईंच्या वयाच्या, आयुष्यभर एकाच घरात संसार केलेल्या बाईचं रक्त तपासलं, तर तिचाही आयजीजी पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे त्यांना शांतपणे सांग. टोमणा म्हणून नको, माहिती म्हणून सांग.

आयजीएम ही नव्या लागणीनंतर लवकर तयार होणारी अँटीबॉडी. ती निगेटिव्ह आहे म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. मोठ्या माणसांत, विशेषतः दुसऱ्यांदा लागण झाली असेल तर, आयजीएम पुष्कळदा वाढतच नाही. त्या ओळीवरून ना भ्यायचं, ना सुटकेचा श्वास टाकायचा.

आता करायचं काय. डॉक्टरांना विचार, ‘क्लॅमिडियाची पीसीआर तपासणी करायची का?’ रिपोर्टवर तिला ‘नॅट’ असंही लिहितात. ती जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधते, म्हणजे आज शरीरात आहे की नाही ते सांगते. बाईसाठी योनीतला स्वॅब उत्तम, तो आपला आपण घेतला तरी चालतो. पडद्यामागं जाऊन मऊ टोकाची काडी फिरवून नळीत घालायची, एवढंच. नवऱ्यासाठी नुसती लघवी पुरते. आधी तासभर लघवीला जायचं नाही आणि पहिल्या धारेची २०-३० मिली तेवढी धरायची. आपल्याकडं सवय मधल्या धारेची आहे, इथं ती उपयोगाची नाही. काउंटरवरची मुलगी घाईत हे सांगायला विसरते, म्हणून तू लक्षात ठेव. तो सुट्टीवर येईल तेव्हा इथं किंवा आहे तिथल्या दवाखान्यात, पण तपासणी दोघांची व्हायला हवी.

पॉझिटिव्ह आलं तरी हा बरा होणारा आजार आहे. साधारण डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि नवरा-बायको दोघांनाही. दिवस राहिलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगायचं, मग ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात. डॉक्सिची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जाळते. दूध, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी नको. शेतावर जात असशील तर डोक्यावर पदर आणि लांब बाह्या हव्यात, या गोळीनं ऊन सोसत नाही. औषध पुरं होईपर्यंत आणि एक डोसाचं असेल तर पुढचे सात दिवस संबंध नको. तीन महिन्यांनी पुन्हा पीसीआर. चार आठवड्यांच्या आत करू नकोस, मेलेल्या जंतूचे अवशेष सापडून उगाच पॉझिटिव्ह येतं. रक्ताची आयजीजी मात्र पुन्हा करायची नाही. ‘अजून पॉझिटिव्हच आहे हो अक्का’ म्हणत दर दोन महिन्यांनी पैसे भरणारी माणसं मी बघितली आहेत. ती पुसली जात नाही म्हणून त्यांना वाटायचं, रोगही जात नाही.

मग डॉक्टरांनी ती मुळात लिहिलीच का? त्यालाही कारण आहे. जुना क्लॅमिडिया कधी कधी काहीही न दुखता गर्भनळ्यांना इजा करून जातो. बहुतेक बायकांना लागण झालेलीही कळत नाही. मूल राहत नसेल तेव्हा आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे ‘नळ्या एकदा बघून घ्या’ असा इशारा. नळ्या बंद आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. ते बघायला एचएसजी, म्हणजे पाळी संपल्यावर गर्भाशयात डाय सोडून काढलेला एक्स-रे, किंवा दुर्बिणीची तपासणी. आणि आपल्या देशात नळ्या खराब व्हायला गर्भाशयाचा क्षयही मोठं कारण आहे. क्लॅमिडियावर बोट ठेवून क्षयाची तपासणी राहून गेली असं होऊ देऊ नकोस. नवऱ्याची वीर्यतपासणीही व्हायला हवी. चार वर्षांत ती झाली का, हे तू लिहिलेलं नाहीस.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी ७१ वर्षांचा, निवृत्त शिक्षक, शहापूर. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीत होतो. सहा आठवडे खोकला हटेना. तिथल्या डॉक्टरांनी ‘पक्षी पाळता का’ असं विचारलं. मी म्हटलं, घरच्या गच्चीवर पारव्यांना दाणे टाकतो. त्यांनी रक्त घेतलं. आता बिल आलं आहे. त्यात ‘क्लॅमिडिया अँटीबॉडी ८६६३१’ सहा वेळा आणि ‘८६६३२’ तीन वेळा. एकच तपासणी नऊदा लावून फसवलं, असं मुलगा म्हणतो. सून काही बोलत नाही, पण तिनं क्लॅमिडिया म्हणजे काय ते शोधलं असणार. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. या वयात मला हे काय ऐकावं लागतं आहे?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : सर, तुमच्या गच्चीवरच्या पारव्यांमुळं ही तपासणी झाली. त्यात लाज वाटावी असं काहीही नाही. हे उत्तर मुला-सुनेला जसंच्या तसं पाठवा.

वर सांगितलेल्या घराण्यातला तिसरा भाऊ म्हणजे सिटॅसी. तो पोपट, पारवे अशा पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो आणि ताप, खोकला, न्यूमोनिया करतो. खोकला लांबला आणि पक्ष्यांचा संबंध निघाला की डॉक्टरांच्या मनात न्यूमोनी आणि सिटॅसी हे दोघं येतात. अनेक लॅबमध्ये तिन्ही भावांचा मिळून एकच पॅनल असतो, त्यामुळं ट्रॅकोमॅटिसही ओघानं तपासला जातो. रिपोर्टवर ‘क्लॅमिडोफिला’ असं नाव दिसेल तर गोंधळू नका. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी या घराण्याचे दोन भाग करून एकाला ते नाव दिलं, पुढं बहुतेक सगळे परत क्लॅमिडियाच म्हणू लागले. जुनी पाटी काही रिपोर्टांवर राहून गेली आहे.

आता नऊचा हिशेब. पाच आकड्यांचा कोड म्हणजे ‘सीपीटी’. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६६ पासून चालवलेली ही कामांची यादी आहे. त्यात क्लॅमिडियाच्या अँटीबॉडीला दोनच कोड आहेत. आयजीएम असेल तर ८६६३२. बाकी कुठलीही असेल तर ८६६३१. तुमच्या रक्तात तीन जंतूंविरुद्ध प्रत्येकी तीन प्रकारच्या अँटीबॉडी बघितल्या असणार, आयजीजी, आयजीए आणि आयजीएम. आयजीजी आणि आयजीए यांना स्वतंत्र कोड नाही, म्हणून दोन्ही ८६६३१ मध्ये पडतात. तीन दुणे सहा. आयजीएमचे तीन. झाले नऊ. कोडच्या पुस्तकातच म्हटलंय, की उपलब्ध कोडपेक्षा जास्त बारकाईनं वेगवेगळे जंतू तपासले असतील तर प्रत्येक तपासणी वेगळी लावावी. काही ओळींपुढं ५९ दिसेल, ‘ही वेगळी तपासणी आहे, दुबार नाही’ अशी ती खूण असते.

मुलाची शंका तपासायलाच हवी, पण बिलाला बिल लावून कळणार नाही. रिपोर्ट काढा आणि निकालाच्या ओळी मोजा. नऊ निकाल असतील तर नऊ ओळी बरोबर. सहाच निकाल असून नऊ ओळी लावल्या असतील, तर लेखी विचारा आणि आयटमाइज्ड, म्हणजे प्रत्येक तपासणीची वेगळी ओळ असलेलं बिल मागवा. मागितलं की ते देतात.

आणखी एक गोष्ट बघा. बिलात अक्षरानं सुरू होणारा कोड शोधा. तो ‘आयसीडी’, म्हणजे तपासणी कशासाठी केली त्याचं कारण. तीन ते आठ आठवडे टिकलेल्या खोकल्याला अमेरिकेत आर०५.२ लावतात. तुमच्या बिलावर तसं काही असेल, तर सुनेला दाखवा. लैंगिक संबंधातून होणाऱ्या क्लॅमिडियाचा कोड ए५६ नं सुरू होतो. पक्ष्यांकडून येणाऱ्याचा ए७०. क्लॅमिडियामुळं होणाऱ्या न्यूमोनियाचा जे१६.०. क्लॅमिडिया हा शब्द एकच असला तरी आजार किती निरनिराळे, ते या कोडांवरूनच दिसतं.

निकाल काय आला ते तुम्ही कळवलं नाहीत. न्यूमोनीचा आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर तुमच्या वयात ते नवल नाही, आणि खोकला त्याचाच होता असंही ठरत नाही. खरं ठरवायचं तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन प्रमाण चौपट झालं का ते बघावं लागतं. तोवर माणूस बरा होऊन मायदेशी परतलेला असतो. माझ्या मते एकदाच रक्त घेऊन ही नऊ उत्तरं मिळवण्यापेक्षा घशाच्या स्वॅबची पीसीआर जास्त कामाची झाली असती. पण दुसऱ्या देशातल्या डॉक्टरानं समोर खोकणारा म्हातारा माणूस बघून काळजीनं लिहिलं, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

प्रवासविमा होता का? असल्यास आयटमाइज्ड बिल, रिपोर्ट आणि डॉक्टरांची ‘खोकला’ लिहिलेली नोंद, तिन्ही एकत्र जोडा. नुसतं बिल पाठवलं की विमावाला ‘क्लॅमिडिया’ एवढाच शब्द वाचतो. आणि पारव्यांना दाणे टाका, पण विष्ठा झाडताना आधी पाणी शिंपडा, नाकाला रुमाल बांधा. कोरडी झाडायची नाही.

प्रश्न : अक्का, मी २३ वर्षांची, बीएस्सी, निपाणी. घरूनच कोडिंगचं काम शिकतेय, कोडरसाठी असलेल्या सीपीसी परीक्षेची तयारी चालू आहे. सरावाच्या एका केसमध्ये डॉक्टरांची नोंद होती, ‘वंध्यत्वाची तपासणी, पूर्वी क्लॅमिडिया झाला असण्याची शक्यता’, आणि लॅबचा आयजीजी पॉझिटिव्ह. मी ए५६.०० लावला. सीनियर म्हणाले बरोबर. मला खात्री वाटत नाही. ८६६३१ आणि ८७४९१ मध्येही घोळ होतो.
(एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : खात्री वाटली नाही, ते बरं झालं. ए५६.०० चूक आहे.

घोळ आधी सोडवू. ८६ नं सुरू झालं की रक्तातली शरीराची प्रतिक्रिया बघितली, म्हणजे अँटीबॉडी. ८७ नं सुरू झालं की जंतूच शोधला. ८७४९१ म्हणजे क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसचा पीसीआरसारखा, डीएनए किंवा आरएनए वाढवून केलेला शोध. ८७४९० मध्ये न वाढवता थेट शोधतात. ८७११० म्हणजे कल्चर, जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. स्वॅब किंवा लघवी दिसली आणि तू ८६६३१ लावलास, तर तिथंच थांब, काहीतरी चुकतंय. शिरेतून रक्त काढण्याचा ३६४१५ वेगळा लागतो, तो विसरू नकोस.

आता निदानाचा कोड. ओपीडीच्या केसमध्ये डॉक्टरांनी ‘शक्यता’, ‘संशय’ असं लिहिलं असेल तर तो आजार लावायचा नाही, हे आयसीडी-१०-सीएमच्या नियमांत स्पष्ट आहे. ज्यासाठी रुग्ण आली ते लावायचं. इथं वंध्यत्वाची तपासणी, म्हणजे झेड३१.४१. नळ्यांमुळं वंध्यत्व असं डॉक्टरांनी ठामपणे लिहिलं असेल तरच एन९७.१. लॅबचा आकडा बघून आपण निदान ठरवायचं नाही, तो अधिकार कोडरचा नाही. लक्षण काही नसताना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांची नुसती चाळणी तपासणी असेल तर झेड११.३. आणि ‘क्लॅमिडिया’ असं मोघम लिहून जागाच सांगितली नसेल तर ए७४.९ कडं जायचं, आपल्या मनानं ए५६ कडं नाही. खरं तर तेव्हा डॉक्टरांनाच विचारावं.

सीनियरना हे नियम दाखव. वाद घालायची गरज नाही, पान उघडून समोर ठेव.

मी याचा एवढा आग्रह का धरते, ते सांगते. वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या लॅबमध्ये होते तिथून रक्त मुंबईला जायचं आणि रिपोर्ट आठवड्यानं यायचा. एका मुलीचा असाच आयजीजी आला. तो न्यायला तिचा दीर आला, त्याच्याकडं पावती होती. पावती दाखवली की रिपोर्ट द्यायचा, अशी तिथली पद्धत. मी दिला. जिन्यात उभा राहून त्यानं तो उघडून वाचलेला मी काउंटरवरून बघितला, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी आईबरोबर आली. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. तिनं तक्रार केली नाही. हात जोडून म्हणाली, ‘अक्का, त्यात काय लिहिलंय ते मला सांगा. मी अजून बघितलंच नाही.’ रक्त तिचं, रिपोर्ट तिचा, आणि तो तिच्याशिवाय सगळ्यांनी वाचला होता. मी रजिस्टर काढून तिला समजावलं, तुला आत्ता आजार आहे असं यातून ठरत नाही. आई म्हणाली, ‘हे तिकडं येऊन सांगाल का?’ मी गेले नाही. लॅबच्या माणसानं पेशंटच्या घरी जायचं नसतं, असं मला सांगण्यात आलं आणि मी ते ऐकलं. जायला हवं होतं. त्यानंतर मी रिपोर्ट पाकिटात बंद करून, ज्याचा त्याच्याच हातात द्यायला लागले, नाहीतर चिठ्ठी मागायची. लोक चिडायचे.

तू लावलेला ए५६ असाच कुणाच्या तरी फाइलमध्ये जाऊन बसतो. पुढचा डॉक्टर, विमावाला, कधी घरातलं माणूस तो वाचतं, आणि खोडायला कुणी येत नाही.

प्रश्न : मी ३४, ट्रकवर असतो. लघवीला जळजळ आहे, थोडा स्रावही. गावच्या डॉक्टरकडं जायची लाज वाटते, सगळे ओळखतात. रक्त तपासून क्लॅमिडिया कळेल काय? आरोग्य विम्यात बसेल काय? मेडिकलमधून गोळ्या घेतल्या तर?
(चिकोडी तालुका)

उत्तर : रक्ताची अँटीबॉडी तपासणी तुम्हाला काहीच सांगणार नाही, त्यावर पैसे घालू नका. जळजळ आणि स्राव आज आहे, म्हणजे लघवीची किंवा स्रावाची तपासणी हवी.

विम्याचं म्हणाल तर अशी तपासणी ओपीडीत होते, आणि साध्या पॉलिसीत ओपीडी बसत नाही. ॲडमिट होऊन नुसत्या तपासण्या केल्या तरी पॉलिसीतल्या ‘एक्सक्लुजन ०४’ या कलमाखाली दावा नाकारतात. कुणी तसा सल्ला दिला तर ऐकू नका.

पण पैशांची गरजच नाही. जिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, ते याच आजारांसाठी आहे आणि मोफत आहे. बेळगावला माल उतरवायला येता तेव्हा जा, तिथं तुम्हाला गावचं कुणी भेटणार नाही. पत्ता हवा असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा, नाव सांगावं लागत नाही. तिथं रंगांच्या पाकिटांतून औषध देतात. स्राव असेल तर करड्या रंगाचं किट, त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलीग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायचं. क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) अनेकदा जोडीनं येतात, म्हणून दोन औषधं. मेडिकलवाला यातलं एकच देईल, जळजळ थांबेल आणि अर्धा आजार आत राहील.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी त्याच फेरीत करून घ्या, या दोन्ही मात्र रक्तावरच होतात. आणि बायकोसाठी किट मागून घ्या. तिला काही होत नसलं तरी. ती गरोदर असेल किंवा पाळी चुकली असेल तर तिथल्या काउन्सेलरला आधी सांगा आणि तिला बरोबर घेऊन या.